५३ वर्षं, पाच राजवटी आणि एक फेंग दाओ

चीनच्या इतिहासात तांग आणि सोंग या दोन मोठ्या राजवटींच्या मधे एक फट आहे, ९०७ ते ९६०, आणि बहुतेक पुस्तकं तिच्यावरून टुणकन उडी मारून पलीकडे जातात. त्यांना दोष देता येत नाही. उत्तरेत ५३ वर्षांत पाच राजवटी येऊन गेल्या, त्यांची नावंसुद्धा जुनीच परत वापरलेली (नंतरचे ल्यांग, नंतरचे तांग, नंतरचे जिन, नंतरचे हान, नंतरचे चौ), त्याच वेळी बाकीच्या देशात, बहुतेक दक्षिणेत, दहाएक वेगळी राज्यं, आणि यातला निम्मा माणूस दुसऱ्या कुणाचा तरी मानलेला मुलगा, त्यामुळे बापाचं आडनाव एक आणि मुलाचं भलतंच. मी सुरुवातीला वहीत वंशावळ काढायला घेतली होती, नाद सोडला.

मग एक गोष्ट लक्षात आली की राजे बदलतात, पण दरबाराचं वर्णन आलं की एक नाव परत परत येतं. फेंग दाओ. पंतप्रधान फेंग दाओ, माजी पंतप्रधान फेंग दाओ, पुन्हा पंतप्रधान फेंग दाओ. चार राजवटी, वर परकीय खितान (उत्तरेकडचे घोडेस्वार टोळीवाले), मिळून दहाएक बादशहा, आणि हा बाबा प्रत्येकाच्या दरबारात. पुढच्या इतिहासकारांनी त्याला निर्लज्ज म्हणून इतकं झोडपलंय की मला आपोआपच त्याच्याबद्दल कुतूहल वाटायला लागलं.

आधी तांग कोसळले कसे ते थोडक्यात. मिठाचा चोरटा व्यापार करणाऱ्या हुआंग छाओचं मोठं बंड झालं, त्याने राजधानी चांगआन घेतली, आणि त्याचाच एक सरदार झू वेन ८८२ मध्ये फुटून बादशहाकडे आला. बादशहाने खूश होऊन त्याला नवीन नाव दिलं, छ्वानझोंग, म्हणजे पूर्ण निष्ठावान. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. या निष्ठावानाने ९०४ मध्ये बादशहाला जबरदस्तीने लोयांगला हलवलं, चांगआनच्या लोकांना स्वतःची घरं पाडायला लावून लाकूडफाटा नदीतून खाली सोडून दिला, त्याच वर्षी बादशहाचा खून करवला, एका पोराला गादीवर बसवलं आणि ९०७ मध्ये त्यालाही बाजूला करून स्वतः बसला. मधे ९०५ मध्ये तीसेक मोठ्या घराण्यातल्या अधिकाऱ्यांना एका रात्रीत मारून पिवळ्या नदीत फेकलं. ही आयडिया होती ली झेन नावाच्या माणसाची, जो सरकारी परीक्षेत वारंवार नापास झाला होता. म्हणे, हे लोक स्वतःला स्वच्छ प्रवाह म्हणवतात ना, मग टाका गढूळ पाण्यात. परीक्षेत नापास झाल्याचा इतका थंड डोक्याने काढलेला सूड मी दुसरा वाचलेला नाही.

झू वेनला ९१२ मध्ये त्याच्याच मुलाने मारलं. त्या मुलाला पुढच्या वर्षी भावाने संपवलं. भावाचं राज्य ९२३ मध्ये शातुओ तुर्कांच्या ली छुनशूने घेतलं (हेच नंतरचे तांग). हा ली छुनशू लढवय्या म्हणून एक नंबर, पण नाटकाचं वेड, स्वतः तोंडाला रंग लावून नटांबरोबर उभा राहायचा, नटांनाच पदं वाटायचा, आणि ९२६ च्या बंडात नटापासून अधिकारी झालेल्या एका माणसानेच त्याच्या वाड्यावर हल्ला केला. बादशहा मेल्यावर प्रेतावर वाद्यं रचून जाळलं म्हणतात.

हे असं का चालायचं याचं उत्तर त्याच काळातल्या आन छोंगरोंग नावाच्या सरदाराने देऊन ठेवलंय. ज्याचं सैन्य तगडं आणि घोडे धष्टपुष्ट तो बादशहा, त्याला काय खानदानी बी लागतं का? थोडक्यात बळी तो कान पिळी. पण त्यात एक गोम आहे, ती म्हणजे सैन्य पण हे ओळखून होतं. प्रांताचे लष्करी सुभेदार, त्यांचे पगारी शिपाई, आणि शिपायांना कळलेलं की नवीन बादशहा बसला की बक्षिसी मिळते. ९३४ मध्ये ली छोंगखने शिपायांना माणशी शंभर माळा नाणी देण्याचं कबूल करून गादी घेतली, लोयांगला येऊन बघतो तर तिजोरीत खडखडाट. मग शहरातल्या लोकांना अक्षरशः पिळून काढलं, घरभाडी आगाऊ वसूल केली, तरी पुरेना. शिपाई तर गाणंच म्हणायला लागले की बोधिसत्त्वाला हटवलं आणि बिडाच्या लोखंडाला बसवलं, कारण आधीचा मऊ होता आणि हा हात सैल सोडेना.

आता या सगळ्यात फेंग दाओ.

जन्म ८८२, उत्तरेकडच्या साध्या घरातला, शेती आणि थोडंफार शिक्षण. पहिला मालक यौझौचा एक माथेफिरू सुभेदार, त्याला युद्ध करू नका म्हणून सांगायला गेला तर थेट तुरुंगात. तिथून सुटून ली छुनशूकडे कारकून. छावणीत गवताच्या झोपडीत राहायचा, खाट नाही, पेंढ्यावर झोपायचा, नोकरांच्याच भांड्यात जेवायचा. सरदार लोक लुटीत पकडलेल्या बायका याला भेट म्हणून पाठवायचे, त्या तो वेगळ्या घरात ठेवायचा आणि त्यांच्या घरच्यांचा पत्ता लागला की परत पाठवून द्यायचा. वडील वारले म्हणून गावी गेला तर तिथे दुष्काळ, घरातलं होतं ते धान्य वाटलं, आणि ज्यांना नांगरट जमत नाही त्यांची शेतं रात्री जाऊन नांगरून यायचा. म्हणजे एवढा मोठा अधिकारी, रात्री चोरून दुसऱ्याचं शेत नांगरतोय. हे सगळं त्याच्यावर टीका करणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय बरं का.

ली छुनशूनंतरचा बादशहा मिंगझोंग, लिहिता-वाचता न येणारा जुना सैनिक, माणूस बरा. त्याने ९२७ मध्ये याला पंतप्रधान केलं आणि ती जोडी जमली. एकदा सलग चांगली पिकं आली, बादशहा खुशीत, तेव्हा फेंग दाओने घोड्याची गोष्ट सांगितली. म्हणाला, मी एकदा जिंगशिंगच्या खिंडीतून जात होतो, वाट अवघड, घोडा पडेल म्हणून लगाम घट्ट धरला आणि सुखरूप पार झालो, पुढे सपाट रस्ता लागला, लगाम सैल सोडला आणि तिथेच आपटलो. बादशहाने विचारलं, पीकपाणी चांगलंय मग शेतकऱ्याचं बरं चाललं असेल ना? यावर याचं उत्तर, दुष्काळात शेतकरी उपासमारीने मरतो आणि सुकाळात भाव पडून मरतो. आणि तांग काळातल्या एका कवितेच्या ओळी म्हणून दाखवल्या, की दुसऱ्या महिन्यातच येणारं रेशीम विकून मोकळं व्हायचं, पाचव्या महिन्यात येणारं धान्य, समोरची जखम भरायला काळजाचं मांस कापायचं. बादशहाने ती कविता लिहून घेतली आणि रोज म्हणवून घ्यायचा. भाव पडून मरतो हे वाक्य दहाव्या शतकातल्या चिनी पंतप्रधानाचं आहे हे कुणाला न सांगता लासलगावात वाचून दाखवलं तर कालच्या लिलावाबद्दल बोलतोय असंच वाटेल.

मग ९३४ आलं. मिंगझोंग वारला होता, त्याचा मुलगा गादीवर, आणि ली छोंगख (तोच लोखंडवाला) सैन्य घेऊन राजधानीवर. पोरगा बादशहा पळाला. अजून जिवंत आहे, सापडलेला नाही. आणि फेंग दाओ दुसऱ्या अधिकाऱ्याला सांगतो, गादी स्वीकारावी अशी विनंती करणारं पत्र लवकर लिहायला घे. तो अधिकारी म्हणतो, अहो, बादशहा बाहेर आहे, आपण असं कसं करायचं? फेंग दाओ म्हणाला, कामाच्या बाबतीत व्यवहार बघावा. बस्. मला हा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला होता, कारण तो चूक बोलत नाहीये, शहराच्या वेशीवर फौज उभी आहे, प्रतिकार केला तर लूट ठरलेली, पण तरीही.

पुढचा शी जिंगतांग. मिंगझोंगचा जावई, ९३६ मध्ये याने मेहुण्याचं, म्हणजे ली छोंगखचं (मानलेल्या मेहुण्याचं, परत तेच) राज्य घ्यायला खितानांची मदत मागितली आणि बदल्यात सोळा परगणे देऊन टाकले, आजचं बीजिंग आणि दातोंग धरून, वर दरसाल तीन लाख ताग्यांचं रेशीम. शिवाय खितान बादशहा येलू दगुआंगला बाप मानलं. बाप ३४ वर्षांचा, मुलगा ४४ चा. हसू येतं, पण त्या सोळा परगण्यांबरोबर डोंगरातल्या खिंडी गेल्या, उत्तरेचा दरवाजा गेला, आणि पुढे सोंगांनी दीडशे वर्षं डोकं आपटलं तरी तो प्रदेश धडपणे परत आला नाही, चिनी राजवटीकडे तो आला थेट १३६८ मध्ये मिंग आल्यावर.

या नव्या बापाकडे दूत म्हणून कोण जाणार? कुणीच तयार नाही, माणसं थरथर कापत होती. फेंग दाओ गेला. खितानांना तो आवडला, ते सोडेनात. मग याने एक युक्ती केली म्हणतात, मिळालेल्या भेटी विकून कोळसा घेऊन ठेवायला सुरुवात केली, कुणी विचारलं तर सांगायचा, इकडे थंडी फार, म्हातारा माणूस, तयारी नको का. हा इथे राहायलाच आलाय असं वाटून खितानांनी त्याला जायची परवानगी दिली. तरी लगेच निघाला नाही, निघाल्यावर मुक्काम करत करत रमतगमत आला. बरोबरचे लोक वैतागले, अहो पळा की. तर म्हणे, आपण घाई केली तरी त्यांचे घोडे एका रात्रीत गाठतील, सावकाश गेलो तर आपल्या मनात काय आहे ते त्यांना कळणार नाही.

शी जिंगतांगच्या पुतण्याने आजोबा-नातवाचं नातं चालेल पण मांडलिकी नाही अशी भूमिका घेतली आणि खितान चालून आले. ९४७ च्या सुरुवातीला राजधानी काईफेंग त्यांच्या हातात. फेंग दाओ तेव्हा एका प्रांताचा सुभेदार होता, तो आपणहून हजर झाला. दगुआंगने विचारलं, का आलास? हा म्हणाला, माझ्याकडे ना तटबंदी ना सैन्य, न येऊन सांगतो कुणाला. कसला म्हातारा आहेस तू? हा म्हणाला, अक्कल नाही, गुण नाही, असा येडा म्हातारा. बादशहा हसला. मग विचारलं, लोकांना वाचवायचं कसं? फेंग दाओ म्हणाला, या घडीला प्रत्यक्ष बुद्ध आला तरी वाचवू शकणार नाही, फक्त तुम्हीच वाचवू शकता. चमचेगिरी? हो, शंभर टक्के. पण त्या चमचेगिरीमुळे उत्तरेतली कत्तल टळली असं त्याला शिव्या घालणाऱ्या इतिहासकारानेही मान्य केलंय.

लूट मात्र टळली नाही. खितान घोडेस्वार दाणागोटा गोळा करायच्या नावाखाली गावंच्या गावं साफ करायचे, शेवटी लोकच उठले, आणि दगुआंग काही महिन्यांतच हे लोक आवरायला इतके अवघड असतील असं वाटलं नव्हतं म्हणत परत निघाला. वाटेतच मेला. उन्हाळ्याचे दिवस, प्रेत घरी न्यायचं, म्हणून पोट फाडून आत मीठ भरलं आणि नेलं. चिनी लोकांनी त्याला जे नाव ठेवलं त्याचा अर्थ साधारण बादशहाची सुकट.

दक्षिणेबद्दल स्वतंत्र पोस्ट लागेल, कारण खरं तर या काळात पैसा आणि डोकं तिकडे होतं. हुनानच्या मा घराण्याने शिसं आणि लोखंडाची नाणी पाडली, ती बाहेर कुठे चालायची नाहीत, म्हणून आलेला व्यापारी जाताना तिथलाच माल घेऊन जायचा, चहा वगैरे. जियांगलिंगचा गाओ जीशिंग तीन परगण्यांचा मालक, आल्यागेल्याचा खंडणीचा माल लुटायचा, ओरडा झाला की परत द्यायचा, आणि त्याचा मुलगा गाओ छोंगहुई जो बादशहा असेल त्याच्याकडून पदवी घ्यायचा, लोक त्याला उघड उघड गाओ मवाली म्हणायचे. हांगझौला छियेन घराणं, मूळ पुरुष हासुद्धा मिठाचा चोरटा व्यापारी, पण त्याने ९१० मध्ये भरतीच्या लाटांसमोर बांबूच्या जाळ्यात दगड भरून समुद्राला बांध घातला. त्याच्या नातवाने, छियेन छूने, अशोकाने ८४,००० स्तूप बांधले या कथेवरून तितकेच छोटे धातूचे स्तूप करायला घेतले, त्यातल्या काहींवर ९५५ ची नोंद आहे. आपला अशोक, मधे हजार-बाराशे वर्षं, आणि हांगझौ! गंमत म्हणजे त्याच ९५५ मध्ये उत्तरेत चौ बादशहाने ३०,३३६ मठ बंद केले आणि बुद्धाच्या तांब्या-पितळेच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली. २००१ मध्ये हांगझौच्या लेफंग पॅगोड्याच्या तळघरात छियेन छूच्या स्तूपांसारखाच एक चांदीचा स्तूप सापडला. या छियेन छूने ९७८ मध्ये एकही लढाई न करता तेरा परगणे सोंगांच्या हवाली केले, आणि शहर शाबूत राहिलं. (आपल्याकडे तेव्हा मान्यखेटचे राष्ट्रकूट नुकतेच संपले होते, म्हणजे हा काळ कल्पनेत बसवायचा असेल तर असा बसवा.)

परत फेंग दाओकडे. त्याचं सगळ्यात मोठं काम दरबारी नाहीच. त्याने पाहिलं होतं की दक्षिणेतल्या वू आणि शूकडचे व्यापारी लाकडी ठोकळ्यांवर छापलेली पुस्तकं विकतात, सगळं आहे पण कन्फ्यूशियसचे मूळ ग्रंथ नाहीत. ९३२ मध्ये मिंगझोंगकडून मंजुरी घेतली, तांग काळात दगडावर कोरलेल्या प्रती प्रमाण धरल्या, पंडितांनी तपासायच्या, कोरक्यांनी उलटी अक्षरं लाकडात कोरायची. काम पूर्ण झालं ९५३ मध्ये. मधे नंतरचे तांग गेले, जिन आले, खितान राजधानीत घुसले, हान आले आणि गेले, चौ आले. कोरायचं काम चालूच. आपल्याकडे सरकार बदललं की अर्धा झालेला उड्डाणपूल तसाच आकाशाकडे बघत बसतो, इथे चार राजवटींत एक सरकारी प्रोजेक्ट पूर्ण झालं. याचं श्रेय एकट्याचं नाही, पण आधीच्या सरकारची फाईल बंद न करणारा माणूस वर होता म्हणून तर झालं.

आता ती गोष्ट जी मला पचत नाही. ९५० च्या शेवटी हान बादशहाने सरदार ग्वो वेईचं काईफेंगमधलं सगळं कुटुंब मारलं, ग्वो वेई फौज घेऊन आला, बादशहा त्या गोंधळात मेला. ग्वो वेईला वाटलं आता सगळे आपल्याला गादीवर बसा म्हणतील. तो फेंग दाओला भेटला आणि नेहमीच्या सवयीने वाकून नमस्कार केला. फेंग दाओने तो नेहमीसारखाच स्वीकारला आणि एवढंच म्हणाला, यायला फार त्रास पडला असेल. झालं, ग्वो वेई समजला, अजून वेळ आलेली नाही. मग त्याने हान घराण्यातल्या ल्यू यूनला गादीसाठी आणायला फेंग दाओलाच पाठवलं. फेंग दाओने विचारलं, हे मनापासून आहे ना? ग्वो वेईने शपथ घेतली. निघताना फेंग दाओ म्हणाला, मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही, आता खोटारडा ठरणार. म्हणजे त्याला माहीत होतं! तरी गेला, त्या माणसाला घेऊन आला, सोंगझौपर्यंत पोचतात तोवर बातमी, शिपायांनी पिवळा झेंडा फाडून ग्वो वेईच्या अंगावर टाकलाय (पिवळा म्हणजे बादशहाचा रंग). ल्यू यून फेंग दाओला म्हणाला, तुम्ही तीस वर्षांचे पंतप्रधान, तुमच्या भरवशावर मी निःशंक आलो, आता काय करू? फेंग दाओ गप्प. ल्यू यूनचा एक अधिकारी त्याला तिथेच कापायला निघाला होता, तर ल्यू यूननेच अडवलं, यात फेंगसाहेबांचा काही संबंध नाही म्हणाला. थोड्याच दिवसांत ल्यू यूनला मारलं. ९५१ ला चौ राजवट सुरू, आणि दरबारात फेंग दाओ आहेच.

९५४ मध्ये ग्वो वेईचा दत्तक मुलगा छाय रोंग गादीवर, तिशीतला गरम डोक्याचा. लगेच हल्ला झाला, हा म्हणाला मी स्वतः जाणार, तांग तायझोंगही (तांगांचा नावाजलेला लढवय्या बादशहा) स्वतः जायचे. आयुष्यभर गोड बोललेला म्हातारा त्या दिवशी म्हणाला, तुम्ही तांग तायझोंग होऊ शकाल का ते माहीत नाही. बादशहा म्हणाला, माझं सैन्य म्हणजे पर्वत, अंडं चिरडल्यासारखं चिरडेन. म्हातारा म्हणाला, तुम्ही पर्वत होऊ शकाल का ते माहीत नाही. बादशहा भडकला, त्याला घरी ठेवून जुन्या बादशहाच्या थडग्याच्या कामावर लावलं, स्वतः गाओपिंगला गेला आणि जिंकला. फेंग दाओ त्याच वर्षी वारला, चिनी मोजणीने ७३ व्या वर्षी. इतक्या मालकांकडे नोकरी करून पहिल्यांदाच खरोखर कर्तबगार मालक मिळाला, आणि नेमका त्यालाच हा ओळखू शकला नाही. छाय रोंग पण पाच वर्षांत गेला, सात वर्षांचा मुलगा मागे ठेवून, आणि ९६० मध्ये त्याच्या सेनापतीच्या, झाओ ख्वांगयिनच्या अंगावर शिपायांनी पिवळा झगा टाकला. तेच सोंग.

शंभर वर्षांनी सोंगांच्या सुखवस्तू काळात ओउयांग शिउने या पाच राजवटींचा इतिहास लिहिला आणि फेंग दाओला निर्लज्जांचा मेरुमणी करून ठेवलं. तुलनेला एक विधवा आणली, जिला खाणावळवाल्याने हात धरून बाहेर काढलं म्हणून तिने परपुरुषाने धरलेला हातच कुऱ्हाडीने तोडला, बघा, बाई असून अब्रू कळते. हे वाचून मला फेंग दाओची नाही, ओउयांगचीच चीड आली. पोटभर पगार, शांत राजधानी, छापील ग्रंथ सहज मिळायचे दिवस, आणि तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्या ५३ वर्षांतल्या कुठल्या बादशहासाठी मरायला हवं होतं त्याने? झू वेनसाठी? खितानांना बाप म्हणणाऱ्यासाठी? मिंग काळात ली झीने नेमकं हेच म्हटलं, की राजापेक्षा लोक महत्त्वाचे आणि त्याने लोक जगवले. याच्याशी मी बऱ्यापैकी सहमत आहे. मालक बदलले म्हणून मी त्याला दोषी धरणार नाही. मी धरतो ते सोंगझौच्या त्या प्रवासासाठी, कारण तिथे समोर राजवट नव्हती, फौज नव्हती, फक्त त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घोड्यावर बसलेला एक माणूस होता, आणि वाटेत त्याच्या कानात दोन शब्द सांगायला भरपूर वेळ होता.